वासराचा चीक आणि लेकराचें पोट

गाय अपरात्रीं व्याली तरी आमच्या कल्याण-मुरबाडकडचा शेतकरी उठून गोठ्यांत जातो, वासराचें नाक पुसतो आणि तें उभें राहूं लागतांच त्याचें तोंड आईच्या आचळाला लावतो. वासराच्या पोटांत चीक गेल्याशिवाय खरवसाचें नांव निघत नाहीं. हें ज्ञान त्यास कोणीं शाळेंत शिकविलेलें नाहीं. चीक न मिळालेलें वासरूं हगवणीनें आठ-पंधरा दिवसांत मरतें, हें त्यानें व त्याच्या वाडवडिलांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. परंतु त्याच घरांत सून बाळंत झाली म्हणजे पुष्कळदां तिचें पहिलें दाट, पिवळसर दूध ‘जड आहे, बाळास सोसावयाचें नाहीं’ असें म्हणून पिळून टाकलें जातें आणि बाळाच्या जिभेवर मधाचें बोट लावलें जातें. आमच्या स्वतःच्या घरींही एके काळीं असेंच झालें आहे. तेव्हां दुसऱ्यास नांवें ठेवण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. गोठ्यांतील शहाणपण माजघरांत कां येऊं नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

वासरूं आणि मूल यांत एक फरक आहे, तो सांगणें योग्य. गाईच्या वारेंतून रोगप्रतिकारक द्रव्यें गर्भाकडे जात नाहींत. वासरूं या बाबतींत रिकाम्या हातांनीं जन्मास येतें आणि तीं सर्व द्रव्यें त्यास चिकांतूनच मिळवावीं लागतात. तींही लवकर, कारण सुमारें चोवीस तासांनंतर तीं त्याच्या आंतड्यांतून रक्तांत शिरूं शकत नाहींत. माणसाच्या मुलास यांतील कांहीं भांडवल आईच्या पोटांतच मिळालेलें असतें. मग त्यास चिकाची गरज काय, असें कोणी विचारील. आईच्या चिकांतील द्रव्यें मुख्यत्वें रक्तांत न जातां, जमिनीस सारवण द्यावें तशीं आंतड्याच्या आंतल्या अंगावर पसरतात आणि रोगजंतूंस तेथें चिकटूं देत नाहींत. जें पोट कालपर्यंत निर्जंतुक होतें, त्यांत आज जगांतील सर्व प्रकारचे जंतु शिरणार असतात; त्या दिवशींच हें सारवण लागतें.

जंतु म्हटला कीं तो वाईटच, अशी समजूत असते. पण शेतकऱ्यानें तरी तशी समजूत करून घेऊं नये. भात कापल्यावर त्याच ओलीवर आपण वाल पेरतों. वालाचें रोप उपटून पाहिलें तर मुळांवर गांठी दिसतात. त्या गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र पिकास आणून देतात, म्हणूनच वालानंतरचें शेत सुधारतें. मातींत जशी ही न दिसणारी वस्ती असते, तशीच ती मनुष्याच्या मोठ्या आंतड्यांतही असते. ती कांहीं जीवनसत्त्वें तयार करते, न पचलेल्या कोंड्यापासून आंतड्याच्या त्वचेस खाद्य पुरविते आणि उपद्रवी जंतूंस जागा मिळूं देत नाहीं. शेतांत तणास वाव कोठें मिळतो? जेथें पीक विरळ असतें तेथें. पोटाचेंही तसेंच आहे.

१८९९ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत तिसिए नांवाच्या वैद्यानें अंगावर पिणाऱ्या मुलांच्या मळांत एक विशिष्ट फांटेदार जंतु विपुल असल्याचें दाखविलें. त्याच संस्थेंतील मेचनिकॉफ हे दह्याच्या जंतूंचे मोठे कैवारी होते. ज्यांच्या नांवानें परळची संस्था ओळखली जाते ते हाफकिन या मेचनिकॉफ यांचेच ओडेसा येथील विद्यार्थी, ही गोष्ट आमच्या वाचकांस गमतीची वाटेल. तिसिए यांच्या जंतूचें मर्म मात्र पुष्कळ पुढें उलगडलें. आईच्या दुधांत साखर व स्निग्धांश यांच्या खालोखाल जो घन भाग असतो, तो एका प्रकारच्या जटिल शर्करांचा असतो आणि त्या मुलास मुळींच पचत नाहींत! मग निसर्गानें त्या घातल्या कशासाठीं? त्या मुलासाठीं नसून त्या जंतूंसाठीं आहेत. आई एकाच दुधांत लेकरास अन्न देते आणि त्याच्या पोटांतील वस्तीस खत. ताग गाडून आपण याहून निराळें काय करतों?

यावरून सहा महिनेपर्यंत आईच्या दुधावांचून दुसरें कांहींही देऊं नये, हा नियम कां घातला आहे तें ध्यानांत येईल. चैत्र-वैशाखांतही वेगळें पाणी लागत नाहीं. दुधांतच तें पुरेसें असतें. मध तर वर्षाच्या आंत देऊंच नये, कारण त्यांत क्वचित् असे बीजाणु असतात कीं जे तान्ह्याच्या पोटांत रुजून विष उत्पन्न करतात आणि मूल लुळें पडतें. डब्याच्या दुधाची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्यानें बंदी आहे, तरी ठाण्या-डोंबिवलीच्या दुकानांतून डबा घरीं येतोच. ज्या मातेस खरोखर दूध येत नाहीं तिनें वैद्याच्या सल्ल्यानें तो घ्यावा; हौस म्हणून घेऊं नये.

सहा महिन्यांनंतर आपल्या घरचें अन्न सुरू करावें, आणि येथें आमच्या भागाचें भाग्य मोठें आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर तिची पेज पातळ राहते आणि त्याच वाटींत पीठ अधिक मावतें. लहान पोटास हेंच हवें. मऊ भात-वरण, त्यांत थोडें तूप, जोडीस अंडें अथवा नीट कांटे काढलेली मासळी, आणि ताजें दहीं. मोठ्यांसाठीं ताक आणि नाचणीची आंबील आहेच. डोंबिवलीभोंवतालच्या ज्या गांवांतील शेतें इमारतींखालीं गेलीं, तेथें पैसा आला आणि चहांत बुडविलेलें बिस्किटही आलें. त्या बिस्किटानें मूल गप्प बसतें, एवढाच त्याचा गुण.

परंतु अन्न चांगलें असून मूल वाढत नाहीं, अशीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील शेंकडा ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. त्यांतील सर्व कांहीं उपाशी घरांतील नव्हेत. लहान आंतड्याच्या आंत मखमलीसारखे बारीक अंकुर असतात व अन्नरस तेच शोषून घेतात. मळाचे जंतु असलेलें पाणी मूल दररोज थोडें थोडें पीत राहिलें कीं, हगवण न लागतांही हे अंकुर झिजून आंखूड होतात. मग वाटीभर पेज दिली तरी तिचा कांहीं भाग वायां जाऊं शकतो. बांध फुटलेल्या खाचरांत खत टाकावें तसें तें होय.

आमच्याकडे पाऊस शंभर इंचांच्या आसपास पडतो. आषाढांत आवणी ऐन भरांत असते, त्याच वेळीं पाड्यावरचें सारें वाहून विहिरीस मिळतें आणि मुलांना जुलाब सुरू होतात. जुलाबानें मूल दगावतें तें बहुधा अंगांतील पाणी व क्षार गेल्यामुळें. त्यावरील उपाय सोपा आहे. आंतड्यांत साखर व मीठ एकत्र आलीं म्हणजे साखरेबरोबर मीठ आंत ओढलें जातें आणि मागोमाग पाणी जातें. हा मार्ग जुलाबांतही शाबूत राहतो. १९७१ सालीं बंगालमध्यें बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ असतांना शिरेंतून देण्याची औषधें संपलीं, तेव्हां डॉ. दिलीप महलानबीस यांनीं याच मिश्रणावर हजारों माणसें वांचविलीं. सरकारी दवाखान्यांत व आशाताईंकडे याची पुडी मिळते. ती एक लिटर स्वच्छ पाण्यांत संपूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अर्ध्या पाण्यांत, असे हिशेब करूं नयेत. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर अर्धा कप, चमच्याचमच्यानें द्यावें. अंगावरचें दूध व अन्न बंद करूं नये. त्याबरोबर जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस देतात. मूल सुस्त पडलें, डोळे खोल गेले, पिईनासें झालें किंवा मळांत रक्त दिसलें, तर मात्र घरीं न थांबतां दवाखाना गांठावा.

औषधांच्या दुकानांतून आपल्या मनानें जंतुनाशक गोळ्या आणूं नयेत. लहान मुलांचे बरेचसे जुलाब विषाणूंचे असतात आणि त्यांवर या गोळ्यांचा कांहीं परिणाम होत नाहीं. उलट पोटांतील उपयोगी वस्ती मारली जाते. किडीबरोबर मित्रकीटकही मारणाऱ्या फवारणीचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना अधिक सांगणें नको. त्या विषाणूंतील प्रमुख जो रोटा, त्याची लस २०१९ पासून महाराष्ट्रांत सरकारी लसीकरणांत सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत मोफत दिली जाते.

राहिली विहीर. आपल्या आवणीस येणाऱ्या कातकरी-ठाकूर कुटुंबांचीं मुलें शेतावरच्या विहिरीचेंच पाणी पितात, आणि त्या विहिरीची जबाबदारी बागाईतदाराची आहे, असें आम्ही स्पष्ट मानतों. काम खर्चाचें नाहीं. हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम ताजी विरंजक पूड, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पुरते. विहिरीचा व्यास तीन मीटर आणि पाणी चार मीटर खोल असेल, तर पाणी सुमारें अठ्ठावीस हजार लिटर भरतें व पूड सत्तर ग्रॅम लागते. ती बादलींत कालवून गाळ खालीं बसूं द्यावा, वरची निवळी दुसऱ्या बादलींत घेऊन विहिरींत सोडावी आणि बादली वरखालीं करून पाणी ढवळावें. निदान तासभर पाणी काढूं नये. संध्याकाळीं, पाणी भरून झाल्यावर, हें करणें सोयीचें.