मातीवरची मोटार (लेखांक ६) : आठशेचं इंजिन आणि मातीचा ट्रॅक

मागच्या आठवड्यात टायर आणि सस्पेन्शन पाहिलं. आता बॉनेट उघडू. आपल्या रामपायली-वाराशिवनीकडे स्पर्धेसाठी स्वस्तात मिळणारी गाडी म्हणजे जुनी मारुती ८००. १९८३ पासून २०१४ पर्यंत ती बनत होती, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि तिचं इंजिन उघडता न येणारा मिस्त्री सापडणं कठीण.

इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आतबाहेर. एवढ्यात काय होणार, असं वाटेल. पण मातीवर टायरची पकड मुळातच कमी असते. गाडी वळणावर दुसऱ्या गिअरला येते आणि तिथून जी लवकर उचल घेते ती पुढे जाते. म्हणून वरच्या आरपीएमला दोन-चार अश्वशक्ती वाढवण्यापेक्षा खालचा आणि मधला पिकअप भरीव ठेवणं जास्त कामाचं. नाशिकच्या ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’सारख्या कच्च्या रस्त्यांवरच्या स्पर्धांत जिप्सी कित्येक वर्षं टिकली. तिच्या १.३ लिटर एमपीएफआय इंजिनाची ताकद होती ८० अश्वशक्ती. आजच्या मानाने हा आकडा मोठा नाही, पण गाडी शेवटपर्यंत पोचत असे.

पहिलं काम तपासणीचं. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग गेल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट बघा. हे दुरुस्त झाल्याशिवाय पुढचा खर्च करू नका. टॅपेट आणि इग्निशन टायमिंग कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे आणलं, तरी थकलेली गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते.

दुसरं काम पेट्रोलचं. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर हे मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं आणि जोर लावताना अडखळतं. मेन जेट एकेका पायरीने वाढवा आणि दरवेळी पूर्ण थ्रॉटलवर पळवून प्लग पाहा. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त. जुने रबरी पाइपही बदला, इथेनॉलने ते चिरतात. ऋतूचाही हिशेब हवा. हिवाळ्यातल्या १० अंशांच्या सकाळपेक्षा मे महिन्यातल्या ४३ अंशांना हवा सुमारे १० टक्के विरळ असते. थंडीत जमवलेलं जेट उन्हाळ्यात जास्त पेट्रोल देतं.

तिसरं, कॉम्प्रेशन वाढवणं. एका सिलिंडरचं आकारमान २६५ सीसी. मूळ प्रमाण ८.७ धरलं तर वरची मोकळी जागा साडेचौतीस सीसी होते. हेडला फेस मारून त्यातले ३ सीसी कमी केले की प्रमाण ९.४ वर जातं. उचल सुधारते, पण नॉकिंगचा धोका वाढतो आणि हेड खाली आल्याने टायमिंग बेल्टवरच्या कॅमचं टायमिंगही थोडं मागे पडतं. ते तपासल्याशिवाय गाडी सुरू करू नका. नियम हेड घासू देत नसतील तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता धूळ. भात निघाल्यावर कोरड्या पडलेल्या बांधीतून गाडी गेली की मागे काय उठतं ते आपल्याला ठाऊक आहे. ती धूळ ऑइलमध्ये मिसळली की रिंग आणि बोअर घासून काढते. फिल्टर काढून टाकल्याने गाडी पळते, हा गैरसमज महागात पडतो. ऑइल लावलेला फोमचा फिल्टर बसवा, हवा घ्यायचं तोंड चाकांपासून लांब आणि उंच ठेवा, प्रत्येक फेरीनंतर फिल्टर धुवा. रेडिएटरच्या जाळीतला चिखल मागून पाण्याने काढा. लांब वळणावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. त्यासाठी चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्या आणि ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवा.

मोकळा सायलेन्सर आणि मोठा कार्बोरेटर यादीत शेवटी येतात. नुसते तेवढेच बसवले तर आवाज वाढतो, वेळ कमी होत नाही.

ही गाडी रस्त्यावर पळवू नका. स्पर्धा परवानगीच्या, बंदिस्त ट्रॅकवरच, रोल केज आणि हेल्मेटसह. आणि पाना हातात घेण्याआधी आपल्या गटाची नियमपुस्तिका वाचा, कारण नियमबाह्य बदल केलेली गाडी पहिली आली तरी तपासणीत बाद होते. पुढच्या आठवड्यात गिअरबॉक्स आणि क्लच.