इफ्तारची द्राक्षं धुताना

आपल्या घरात फळं धुणं म्हणजे बहुतेक वेळा नळाखाली धरली, झटकली आणि प्लेटीत मांडली. गेली काही वर्षं रमजान द्राक्षांच्या हंगामात येतोय. अजानला पाच मिनिटं उरलेली असतात, मग कोण घासत बसणार?

एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, द्राक्षांवरची पांढरी पावडर म्हणजे औषध ना?" नाही. ती बहुतेक वेळा फळाचीच नैसर्गिक मेणासारखी साय असते. बोटाने पुसली की आतली साल चकाकते. फवारणीचे डाग ठिपक्यांसारखे दिसतात, आणि बरंचसं औषध तर डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे फळ चकचकीत आहे म्हणून ते साफ समजू नये.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याच्या कृषी प्रयोग केंद्राने साध्या नळाच्या पाण्याची चाचणी घेतली होती. 12 पैकी 9 कीटकनाशकांचे अंश नुसत्या धुण्याने कमी झाले. बाजारातली फळं धुण्याची खास द्रावणं पाण्यापेक्षा काही फारशी सरस ठरली नाहीत. खरं काम करतं ते चोळणं आणि वाहतं पाणी, निदान अर्धा मिनिट.

2017 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. एक टक्का खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन औषधं निघून गेली. घरच्या मापात सांगायचं तर एक लिटर पाण्याला चहाचे दोन सपाट चमचे सोडा. पण खाण्याचाच, धुण्याचा नव्हे! नंतर साध्या पाण्याने खंगाळून घ्या. त्याच प्रयोगात एका औषधाचा सुमारे 20 टक्के भाग सालीच्या आत शिरलेला आढळला. तो कशानेच धुतला जात नाही. आंतरप्रवाही औषधांचं असंच असतं. साल काढली तर थोडं आणखी कमी होतं, पण सालीतला चोथाही जातो. माझ्या घरी मुलांना सफरचंद सालीसकटच देतो, सोड्याच्या पाण्यातून काढून.

द्राक्षांचे घोस अख्खे बुडवले तर मधल्या मण्यांपर्यंत हात पोचत नाही. कात्रीने लहान झुबके करा, देठ राहू द्या. मणी तोडून भिजवले की देठाच्या जागेतून पाणी आत जातं. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून नळ सोडून ठेवणं परवडत नाही. टोपात तीनदा पाणी बदलून चोळलं तरी काम भागतं.

टरबूज, खरबूज साल टाकून खायचं म्हणून अम्मी ते धुवायच्या नाहीत. पण सुरी सालीवरून आत जाते, वरची घाण घेऊन. कापण्याआधीच धुवावं.

साबण मात्र नको. भांड्यांचा असो की अंगाचा, तो फळात मुरतो. आणि आठवड्याची फळं एकदम धुवून ठेवू नका, ओलाव्याने सडतात. असरनंतर भिजत घाला, मगरिबपर्यंत वेळच वेळ आहे.