स्वस्त घर, महाग घर

कर्जत लोकलनं कल्याण सोडलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर लागतं. मुंबईत नोकरी करणारी कितीतरी कुटुंबं इथे घर घेतात. का बरं? 'हिशेबात बसतं' म्हणून! पण हा हिशेब असतो तरी कसा?

समजा, जाहिरातीत लिहिलंय, '६०० चौरस फूट, भाव ४,००० रुपये'. किंमत झाली २४ लाख. पण आत जाऊन फरशी मोजली, तर भरते ४०० चौरस फूट! उरलेले २०० गेले कुठे? भिंती, जिना, लिफ्ट यांचा वाटा त्यात धरलेला असतो. याला म्हणतात 'सुपर बिल्ट-अप'. आता २४ लाखांना ४०० नं भागा बघू. भाव आला ६,०००! घर तेच, पैसेही तेवढेच. नुसता भाजक बदलला आणि स्वस्त घर महाग वाटायला लागलं.

२०१६ च्या 'रेरा' कायद्यानं चटई क्षेत्राची, म्हणजेच कार्पेटची, एकच व्याख्या ठरवली. घरातल्या आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरायची नाही. महाराष्ट्रात 'महारेरा' २०१७ पासून काम पाहू लागलं. बिल्डरला आता कार्पेट किती ते सांगावंच लागतं. त्यामुळे दोन इमारतींतल्या घरांची तुलना सोपी झाली. मोजायची रीत बदलली, तशी घर विकायची आणि घ्यायची रीतही बदलली. मिशेल कालाँ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं हेच मांडलं: हिशेब बाजार नुसता मोजत नाही, तो बाजार घडवतो.

आणि जे मोजलंच जात नाही, त्याचं काय? बदलापूरहून मुंबईला जायला दीड तास धरा. जाऊन-येऊन तीन तास. महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५ तास. तीन दिवस आणि वर तीन तास! घराच्या किमतीत हे तास कुठेच लिहिलेले नसतात. ते मोजतात आई-बाबा, मनातल्या मनात.

तेव्हा या रविवारी टेप घ्या आणि आपलं घर मोजा. बाहेरच्या भिंती सोडून हं! मग आई-बाबांना विचारा, "घर घेताना तुम्ही काय काय मोजलं होतं? आणि काय मोजायचं राहिलं?" त्यांचं उत्तर नीट ऐका. गणिताच्या पुस्तकात ते सापडायचं नाही!