शिडाचा भाव आणि शिडाचा पल्ला

नागपुरात ताडपत्री शिवून देणारे आहेत, मांडवाच्या कनाती शिवणारे आहेत, ट्रकच्या मापाचं कव्हर करून देणारेही आहेत. शीड शिवणारा मात्र नाही, आणि इथल्या नंदनवन वस्तीत राहणाऱ्या माणसाला त्याची उणीव भासण्याचं कारणही नाही. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेनं आठशेहून अधिक किलोमीटर. अंबाझरी तलावावर एनसीसीच्या नौदल शाखेची मुलं होड्या फिरवतात, तेवढाच आपला शिडाशी संबंध. तरीही शिडाच्या कापडाचा मागोवा घेऊ लागलं की कापसाचं बोट धरून तो विदर्भाच्या वेशीपर्यंत येतो, आणि वाटेत पुनःपुन्हा एकच प्रश्न भेटतो: पैसे वाचवायचे की माल पाहायचा?

या प्रश्नाचा गाजलेला निकाल १८५१च्या ऑगस्टमध्ये लागला. ‘अमेरिका’ नावाच्या नौकेनं इंग्लंडमध्ये जाऊन आइल ऑफ वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत तिथल्या नामांकित नौकांना मागे टाकलं. इंग्रजांची शिडं जवसाच्या धाग्याची होती. आपण ज्याची चटणी करतो त्या जवसाच्या देठातून निघणारा हा धागा दणकट, पण त्याची वीण सैल. वारा भरला की शिडाला पोट सुटायचं, म्हणून शर्यतीत खलाशी त्यावर पाणी मारून ते ताठ ठेवू पाहायचे. अमेरिकन शिडं यंत्रमागावरच्या घट्ट विणीच्या सुती कापडाची आणि सपाट बसणारी होती. विजयाला नौकेचा आकारही कारण होता, पण बघ्यांच्या डोळ्यांत भरली ती शिडं. पुढे इंग्लंडमधल्या शिवणाऱ्यांनीही कापूस जवळ केला. नुसता दणकटपणा म्हणजे गुणवत्ता नव्हे, ताण आल्यावर कापडानं आकार धरून ठेवला पाहिजे, हे तेव्हा पक्कं झालं.

त्यानंतर दहा वर्षांनी अमेरिकेत यादवी पेटली आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचा भाव वधारला. १८६७मध्ये रेल्वे नागपुरात आली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस दारात, गिरणी दारात. मग शर्यतीच्या नौकांना लागणारं शीडकापड इथल्या कापसाचं का होईना? उत्तर तंतूच्या लांबीत आहे. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा. त्याचं सूत जाड निघतं, चादरी-धोतरांना उत्तम. शिडाला मात्र बारीक, पिळदार आणि एकसारखं सूत लागतं, तरच वीण इतकी घट्ट बसते की वारा आरपार जात नाही. म्हणून शौकीन नौकांची चांगली शिडं लांब धाग्याच्या इजिप्शियन कापसाची असत. ती महाग पडायची आणि नाजूकही असायची. नवं शीड आधी मंद वाऱ्यात हळूहळू ताणून घ्यावं लागे. पहिल्याच दिवशी जोराच्या वाऱ्यात किंवा पावसात उभारलं, तर त्याचा आकार कायमचा बिघडे.

कोकणच्या किनाऱ्यावर हिशेब निराळा होता. मचवे, पडाव, फत्तेमाऱ्या यांची तिकोनी शिडं जाडंभरडं सुती कापड आणून किनाऱ्यावरच शिवली जात. तांडेलाला शर्यत जिंकायची नसे, माल बंदराला लावायचा असे. शीड फाटलं तर वाळूत पसरून त्याच दिवशी ठिगळ लावता आलं पाहिजे, ही त्याची पहिली अट. पावसाळ्यात होड्या ओढून घेतल्या की शिडं उतरवायची, खडखडीत वाळवायची आणि कोरड्या जागी ठेवायची. भिजलेला कापूस बुरशी धरतो आणि कुजतो, हे तिथल्या पोरालाही ठाऊक. स्वस्त कापड, घरची शिलाई आणि वेळच्या वेळी निगा या तिन्हींवर हा व्यवहार चालला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंजिनं आली आणि शिडांबरोबर शिडं शिवणारे हातही किनाऱ्यावरून कमी होत गेले.

शिडाच्या कापडात मोठा पालट झाला तो टेरिलीनमुळे. ज्यांच्या घरी साठ-सत्तरच्या दशकात टेरिलीनचा शर्ट लग्नाकार्यापुरता कपाटातून निघायचा, त्यांना हे कापड वेगळं सांगायला नको. व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा इंग्रजांनी १९४१मध्ये हा धागा शोधला. त्याचाच अमेरिकन भाऊ डेक्रॉन. पन्नासच्या दशकात हे दोन्ही धागे शिडांच्या कापडात आले. हा धागा कुजत नाही, पाणी पीत नाही, ताणला जातो तोही थोडाच. त्याचा वैरी म्हणजे ऊन. आणि उन्हात कापडाच्या आधी शिलाईचा दोरा जातो. शीड वरून धडधाकट दिसतं आणि एखाद्या रात्री शिवणीवर उसवतं ते यामुळे.

या काळातली एक नौका मुंबईची आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची बत्तीस फुटी ‘सुहेली’ मुंबईत सागवानात बांधली गेली आणि १९६४मध्ये पाण्यात उतरली. १४ जून १९६८ रोजी ते तिच्यातून इंग्लंडमधल्या फाल्मथहून एकटे निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून तिथेच परतले. असं करणारे ते पहिले. ही एक शर्यत होती. तिच्यातल्या काही नौका ‘सुहेली’पेक्षा वेगवान होत्या, पण शेवटपर्यंत पोचली ती एकटी हीच. वाटेत शिडं फाटत होती आणि ते शिवत होते. एकदा शिवता शिवता त्यांची मिशीच दोऱ्यात अडकून शिडाला बांधली गेली. सुरी हाताशी नव्हती, शेवटी हिसडा देऊन मिशी सोडवावी लागली. हसून सोडून देण्यासारखा हा किस्सा नाही. सुई-दोऱ्यानं शिवता येतं ते शीड सफर पुरी करतं, एवढा अर्थ त्यात आहे. पुढे केव्हलार आणि कार्बन या कृत्रिम धाग्यांची, थर चिकटवून केलेली शिडं आली. ती हलकी आणि झपाट्याची, पण फडफडली तर लवकर थकतात आणि भर समुद्रात त्यांची डागडुजी अवघड. शर्यतीच्या संघाला हा सौदा परवडतो. जग फिरायला निघालेल्या एकट्या माणसाला बहुधा नाही.

भारतीय नौदलाच्या ‘सागर परिक्रमे’त हाच पेच नव्यानं पुढे आला. कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस कारखान्यात छप्पन फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९मध्ये नौदलाकडे आली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे चार थांबे होते. नोव्हेंबर २०१२मध्ये त्याच नौकेतून अभिलाष टॉमी निघाले ते कुठेही न थांबण्यासाठी, आणि मार्च २०१३च्या अखेरीस मुंबईला पोचले. नौका तीच, समुद्र तोच, पण शिडाकडून अपेक्षा वेगळी. थांबे असले की उसवलेलं शीड बंदरात शिवून घेता येतं. थांबा नसला की पाच महिन्यांची सगळी भिस्त निघतानाच्या शिलाईवर. थोड्या स्वस्त कापडाचा मोह पहिल्या सफरीत एक वेळ निभावून जाईल, दुसऱ्या सफरीत जिवाशी येईल.

२०१७मध्ये ‘म्हादेई’ची बहीण ‘तारिणी’ आली. १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकाऱ्यांनी तिच्यातून जगाला फेरी मारली. ‘तारिणी’वर सहा शिडांचा संच आहे: मोठं मुख्य शीड, पुढची शिडं, पाठवाऱ्याची शिडं आणि एक वादळी शीड. पैसा कुठे घालावा हे अशा संचाकडे पाहिलं की उमगतं. मुख्य शीड आणि रोजचं पुढचं शीड रात्रंदिवस राबतात, तिथे कापड आणि शिलाई दोन्ही उत्तमच हवी. पाठवाऱ्याच्या पातळ नायलॉनच्या शिडात थोडी काटकसर चालते. वादळी शीड वर्षानुवर्षं पिशवीत पडून राहील, पण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी दुसरं काहीच चालणार नाही. आकारानं ते सगळ्यांत लहान, म्हणून तिथे वाचणारे पैसेही किरकोळ.

ताजा अध्याय ‘कौंडिण्य’चा. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यातल्या चित्रावरून गोव्यात काथ्यानं शिवून बांधलेली ही नौका मे २०२५मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. डिसेंबरअखेरीस ती पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी २०२६मध्ये मस्कतला पोचली. तिची शिडं चौकोनी, जुन्या धाटणीची. वेगात ती आजच्या शिडांच्या पासंगालाही पुरणार नाहीत. पण ज्या कामासाठी केली, त्या कामाला तीच योग्य होती.

या साऱ्या वाटचालीचा इत्यर्थ माझ्या मते इतकाच की शिडाला नुसता ‘भाव’ नसतो, त्याला ‘पल्ला’ असतो. शिकाऊ मुलांच्या होडीला महागडं शीड घालणं ही उधळपट्टी. ‘लेझर’ वर्गाच्या होडीला सरावासाठी नकली शीड लावून स्पर्धेपुरतं वर्गमान्य शीड जपून ठेवणं हा जगभर चालणारा शहाणपणा आहे. महासागरात मात्र स्वस्त शीडच महाग पडतं.

आज महाराष्ट्रात नौकानयन वाढतं आहे. क्लब, शाळा, पर्यटन खाती शिडं मागवतात, आणि कागदावर जिंकते ती सर्वांत कमी दराची निविदा. दर मागवण्याआधीच चार गोष्टी निविदेत लिहाव्यात: कापडाचं वजन आणि जात, शिवणीच्या ओळी किती, कोपऱ्यांना अस्तराचे थर किती आणि शीड आखडून बांधण्याच्या पट्ट्या किती. हे एकसारखं नसेल तर दोन दरांची तुलनाच होत नाही. नमुना हातात घेऊन चुरगाळून पाहावा. हलक्या प्रतीचं कापड राळ भरून कडक केलेलं असतं, चुरगाळलं की मऊ पडतं आणि त्याचं सोंग उघडं होतं. होडीचं माप शिवणाऱ्यानं स्वतः येऊन घ्यावं आणि पहिल्या हंगामानंतर शीड फुकट दुरुस्त करून देण्याची हमी लेखी द्यावी. या अटी जो आनंदानं मान्य करील, त्याचा दर थोडा चढा असला तरी काम त्यालाच द्या.