पदार्थाचा स्वभाव आणि निसर्गाचा कायदा

वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेचे नियम पोलादाच्या गजाला, पाण्याच्या प्रवाहाला आणि रबराच्या पट्टीला सारखेच बंधनकारक असतात. तथापि पोलाद ताठ का राहते, पाणी वाहून का जाते आणि रबर दुपटीने लांबूनही पूर्ववत का होते, याचा उलगडा केवळ त्या नियमांतून होत नाही. अणुरेणूंचा विचार बाजूस ठेवून पदार्थ अखंड मानणाऱ्या सातत्यक यांत्रिकीचा मूळ प्रश्न हाच आहे.

या शास्त्राचा पाया ऑगस्तँ लुई कोशी यांनी १८२२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे घातला. पदार्थाच्या अंतरंगात काल्पनिक छेद घेतला असता एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूवर दर एकक क्षेत्रफळामागे जो जोर लावतो, ते प्रतिबल. आणि एखाद्या बिंदूतून जाणाऱ्या तीन परस्परलंब छेदांवरील प्रतिबल ठाऊक असले, की तेथील प्रत्येक छेदावरचे प्रतिबल निश्चित होते, हे त्यांनी दाखवले. परंतु प्रतिबल आणि विकृती, म्हणजे पदार्थाच्या आकारातील सापेक्ष बदल, यांचे नाते पदार्थागणिक निराळे. मग ते वाटेल तसे असू शकते काय?

ते वाटेल तसे नसते, याचा दाखला रबराने कोशींच्याही आधी देऊन ठेवला होता. केंडलचे अंध निसर्गाभ्यासक जॉन गॉफ यांनी पट्टी ओठांना लावून झटकन ताणली, तेव्हा ती ऊन लागली. वजन टांगलेली पट्टी तापवली, तेव्हा ती आखडली. १८०५ साली प्रसिद्ध झालेली ही दोन निरीक्षणे परस्परांपासून अटळपणे निष्पन्न होतात, हे विल्यम थॉमसन यांच्या १८५५ च्या ऊष्मागतिकी विवेचनातून स्पष्ट झाले, आणि जूल यांनी १८५९ साली मोजमापांनी त्याची शहानिशा केली.

बर्नार्ड कोलमन आणि वॉल्टर नॉल यांनी १९६३ साली, ऊष्मागतिकी पदार्थाच्या स्वभावाला मर्यादा घालते, या विचाराला व्यापक रूप दिले. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम पदार्थाच्या प्रत्येक संभाव्य प्रक्रियेत पाळला गेलाच पाहिजे, अशी अट घातली, तर तो नियम पदार्थाच्या स्वभावावरच अंमल गाजवतो: स्थितिस्थापक पदार्थाचे प्रतिबल आणि त्याची एन्ट्रॉपी ही दोन्ही मुक्त ऊर्जेच्या एकाच फलनातून निघतात, आणि श्यानता ऋण असण्यास मज्जाव होतो.

म्हणूनच नव्या रबरासाठी समीकरण मांडणाऱ्या अभियंत्याने केवळ प्रयोगाच्या आलेखाशी मेळ घालून थांबू नये. स्थिर तापमानात पट्टी ताणून पुन्हा मूळ स्थितीत आणली असता ज्या समीकरणानुसार दुसऱ्या नियमाला डावलून फुकट कार्य पदरात पडते, ते आलेखाशी कितीही तंतोतंत जुळो, कोणत्याही खऱ्या पदार्थाचे असू शकत नाही.