काळ्या दगडाच्या वाटेने : बालाघाट ते उकवा

आपल्याकडील पुष्कळ शाळांत घंटा म्हणून आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला असतो. शिपाई त्यावर लोखंडी दांडा मारतो, आवाज घुमतो आणि वर्ग सुटतो. हा तुकडा केवळ लोखंडाचा असता, तर त्याच्यावरून हजारो टनांची मालगाडी वर्षानुवर्षे धावू शकली नसती. त्यातील शंभर भागांपैकी सुमारे एक भाग मँगनीज नावाच्या धातूचा असतो. म्हणजे एक मीटर लांबीच्या रुळात अर्धा किलो किंवा त्याहून थोडे अधिक मँगनीज असते. हे मँगनीज येते कोठून, ते कोण काढते आणि काढून झाल्यावर मागे काय उरते, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे या हेतूने आम्ही एका हिवाळ्यात गोंदियाहून मोटारीने उकव्याच्या वाटेला लागलो. त्या प्रवासाची ही हकीकत आहे.

गोंदिया सोडल्यावर रजेगावपाशी बाघ नदी लागते. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र आणि पलीकडे मध्य प्रदेश. परंतु भाताची शेते, बांधांवरची झाडे आणि माणसांची बोलणीचालणी नदी ओलांडताच बदलत नाहीत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत या दोन्ही तीरांची राजधानी नागपूर हीच होती. पुढे वैनगंगेच्या काठी बालाघाट शहर लागते. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे काही भाग एकत्र करून १८६७ साली बालाघाट जिल्हा निर्माण करण्यात आला. बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र घाटाखाली सखल भागात राहिले. घाटावरचा प्रदेश पाहावयाचा, तर बैहरच्या सडकेने वर चढावे लागते.

या सडकेवर शहरापासून थोड्याच अंतरावर भरवेली आहे. येथील मँगनीजची भूमिगत खाण आशिया खंडातील सर्वांत खोल समजली जाते. भरवेली मागे पडली की गांगुलपाऱ्याचा तलाव व धबधबा लागतो आणि तेथून सडक डोंगरात शिरते. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस खोल दरी आणि दोहोंवर दाट जंगल. साग, मोह, तेंदू आणि बांबू यांची गर्दी इतकी, की दरीतील ओढ्याचा आवाज येतो, परंतु पाणी दिसत नाही. वळणावळणावर समोरून भरलेले ट्रक येत होते. आमची मोटार कडेला घेऊन आम्ही त्यांना वाट देत होतो. प्रत्येक ट्रकच्या मागील फळीवर काळ्या धुळीचा थर होता. उकव्याला रेल्वे नाही. तेथील माल याच घाटाने खाली उतरतो. घाट चढून आले की पठार लागते. बालाघाट शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची तीनशे मीटरांहून कमी आहे. बैहरच्या पठाराची उंची त्याच्या जवळजवळ दुप्पट भरते. शहरापासून चाळीसएक किलोमीटरांवर, या पठारावर उकवा वसले आहे.

उकव्यास पोहोचल्यावर प्रथम नजरेत भरतो तो काळा रंग. सडकेची कड, गटारातील गाळ, माल भरण्याच्या जागेवरील ढीग, सारे काळपट. आम्ही सडकेच्या कडेचा मुठीएवढा एक खडा उचलून पाहिला आणि त्याच्या वजनाने चकित झालो. साधारण खडकापेक्षा हा दगड दीडपटीहून अधिक जड असतो. जुन्या काळी खाणीच्या तोंडाशी स्त्रिया हातोडी घेऊन बसत, दगड फोडीत आणि केवळ वजनावरून व चकाकीवरून चांगला माल व टाकाऊ खडक वेगळा करून घमेल्यांत भरीत. शिक्षणाची अक्षरे त्यांच्या वाट्यास आली नव्हती. परंतु हाताला झालेली ही ओळख कोणत्याही प्रयोगशाळेस मान्य करावी लागेल अशी होती.

हा दगड येथेच का सापडतो, असा प्रश्न स्वाभाविकपणे मनात येतो. आज जेथे सातपुडा व मैकल यांच्या रांगा आहेत, तेथे शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्र होता. त्याच्या पाण्यात विरघळलेले मँगनीज प्राणवायूशी संयोग पावून तळाशी साचले. वर वाळू व चिखल यांचे थर बसले. पुढे भूगर्भातील उष्णतेने व दाबाने ते सारे थर भाजून निघाले, दुमडले आणि चादरीच्या सुरकुत्यांसारखे तिरपे उभे राहिले. वरचे आवरण झिजून गेल्यावर त्या सुरकुत्यांच्या कडा ठिकठिकाणी उघड्या पडल्या. बालाघाटपासून भंडारा व नागपूर या जिल्ह्यांतून छिंदवाड्याकडे गेलेला हा पट्टा सुमारे दोनशे किलोमीटर लांब आहे. उकवा, भरवेली व तिरोडी, भंडाऱ्याकडील चिखला व डोंगरी बुजुर्ग, नागपूरकडील मनसर, कांद्री व गुमगाव ही सर्व एकाच माळेतील गावे होत. लुई ली फर्मोर या भूवैज्ञानिकाने भारतातील मँगनीजवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. या पट्ट्यात आढळणाऱ्या, गारगोटी व मँगनीजयुक्त गार्नेट यांनी बनलेल्या एका खडकास त्याने येथील गोंड लोकांच्या नावावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. तिरोडीवरूनही एका खनिजास ‘तिरोडाइट’ हे नाव पडले. जगातील भूविज्ञानाच्या पुस्तकांत गोंडांचे नाव अशा रीतीने कायम झाले आहे.

येथील खाणींचा आधुनिक इतिहास १८९६ साली स्थापन झालेल्या एका ब्रिटिश मंडळीपासून सुरू होतो. तिचेच पुढे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ असे नाव झाले. त्या काळी येथील बहुतेक दगड जहाजांत भरून परदेशी जाई आणि त्यापासून होणारे पोलाद दुसऱ्यांच्या देशात बने. स्वातंत्र्यानंतर देशात पोलादाचे कारखाने उभे राहू लागले. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन होऊन तिचे ५१ टक्के भाग केंद्र सरकार व महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही राज्ये यांच्याकडे आले. उरलेले ४९ टक्के १९७७ साली घेण्यात आले. २०१० साली कंपनीचे नाव ‘मॉइल’ झाले व तिचे काही भाग जनतेस खुले करण्यात आले. मुख्य कचेरी नागपूरला आहे. २०२३-२४ साली या कंपनीच्या सर्व खाणींतून मिळून सतरा लाख टनांहून अधिक मँगनीज निघाले.

मँगनीजवाचून पोलादाचे काय अडते, तेही सांगितले पाहिजे. लोखंडात गंधकाचा थोडासा अंश नेहमी राहतो. हे गंधक लोखंडाशी संयोग पावून पोलादाच्या कणाकणांमध्ये पातळ थर धरते आणि तापलेले पोलाद ठोकताना किंवा लाटताना त्या थरांतून ते तडकते. मँगनीज मिसळले की गंधक लोखंडास सोडून मँगनीजला धरते आणि तडकण्याचा धोका टळतो. शिवाय पोलादास बळकटी येते ती निराळीच. १८८२ साली इंग्लंडमधील शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड याने पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज घालून पाहिले, तेव्हा एक विलक्षण धातू तयार झाला. त्यावर जितके घाव घालावेत, तितका त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण होतो. म्हणूनच रेल्वेच्या रुळांचे जेथे एकमेकांस छेद जातात ते भाग आणि खडी फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे या पोलादाचे करतात. आपल्या हातातील विजेरीच्या साध्या सेलमध्ये जी काळी पूड असते, तीही बव्हंशी मँगनीजचीच असते.

उकव्याची खाण भूमिगत आहे. आम्हांस खाली उतरता आले नाही. विनापरवाना तेथे कोणासही जाता येत नाही आणि ते योग्यच आहे. तथापि खालच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रथम जमिनीतून खाली वाट काढून खडकात मजल्यामजल्यांनी आडवे बोगदे खणतात. मग खालच्या बाजूने सुरुवात करून मँगनीजच्या थराचा एक आडवा काप, सुरुंग लावून, काढून घेतात. माल डब्यांत भरून वर जातो आणि खाली मोठी पोकळी राहते. ती तशीच ठेवली, तर छत कोसळेल. यासाठी वरून पाण्याबरोबर वाळू नळांतून सोडतात. पाणी झिरपून बाहेर पडते, ते पंपांनी उपसतात, आणि वाळू घट्ट बसते. त्या वाळूवर उभे राहून कामगार वरचा पुढील काप काढतात. असे एक काप, एक भराव करीत काम खालून वर चढत जाते. जेवढे घेतले, तेवढी जागा भरून द्यावयाची, हा या रीतीचा गाभा आहे. मात्र ती वाळूही कोठल्या तरी नदीच्या पात्रातून उचलावी लागते, हे विसरून चालणार नाही.

या कामात माणसाच्या देहासही जपावे लागते. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेली, तर मेंदूवर परिणाम होऊन चाल अडखळते, बोलणे मंदावते आणि चेहऱ्यावरचे भाव हरपतात. हा विकार कूपर या डॉक्टराने १८३७ साली स्कॉटलंडमधील मँगनीज दळणाऱ्या कामगारांत प्रथम नोंदविला. छिद्रे पाडताना पाण्याचा वापर करावा, खाली मोकळी हवा खेळवावी, तोंडावर आवरण घ्यावे, हे नियम म्हणूनच आहेत. नियम पाळणे कंटाळवाणे वाटते. परंतु त्या कंटाळ्याची किंमत वीस वर्षांनी कुटुंबास भरावी लागते.

उकव्याहून पुढे आम्ही बैहरकडे गेलो. हा बैगा लोकांचा मुलूख. त्यांच्या जुन्या समजुतीप्रमाणे नांगर चालविणे म्हणजे धरणीमातेची छाती फाडणे. म्हणून ते जंगलाचा तुकडा जाळून राखेत बी पेरीत. या शेतीस बेवर म्हणतात. त्याच तालुक्यांच्या परिसरात, बैहरपासून वीसएक किलोमीटरांवर, मलाजखंड येथे तांब्याची प्रचंड उघडी खाण आहे. हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीने ती १९८२ साली चालू केली. पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेला तो खड्डा आणि नांगराचा फाळही टाळणारा बैगा, ही दोन्ही एकाच पठारावर नांदतात. यांपैकी एकास शहाणे व दुसऱ्यास अडाणी ठरविण्याचे धाडस आम्हांस झाले नाही. तांबे नसते तर आपल्या घरी वीज आली नसती. परंतु धरणीपासून काही घेताना हात आखडावा, हे बैगाने आपल्या आधीच ओळखले होते.

खाणीचे गाव आणि शेतीचे गाव यांत एक मूलभूत भेद आहे. शेत दरवर्षी पिकते. खाण मात्र एकदाच पिकते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेस, हॅमर्सली डोंगरातील दरीच्या तोंडाशी, विटनूम नावाचे गाव होते. निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणीसाठी ते वसले. १९६६ साली खाण बंद पडली. त्या तंतूंच्या विषारी धुळीने शेकडो माणसे पुढे फुप्फुसांच्या रोगाने दगावली. अखेर २००७ साली सरकारने गावाचे अस्तित्वच कागदोपत्री रद्द केले. मँगनीज हे ॲस्बेस्टॉससारखे घातक नाही आणि उकव्याचा थर आज संपला आहे असेही नाही. परंतु संपणारी वस्तू संपण्यापूर्वीच पुढची तजवीज झाली पाहिजे, हा धडा सर्व खाणगावांसाठी आहे.

आपल्या देशातील कायद्यानेही या गोष्टीचा विचार केला आहे. २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन करण्याची तरतूद झाली. सरकारला द्यावयाच्या स्वामित्वधनाखेरीज त्याच्या प्रमाणात आणखी काही रक्कम, जुन्या पट्ट्यांवर ३० टक्के व लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांवर १० टक्के, खाणधारकाने या प्रतिष्ठानात भरावयाची असते. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण आणि हाताला नवे कसब यांसाठी तो पैसा आहे. खाणीखालच्या पोकळीत वाळू भरतात, तशी ही वरच्या जीवनात राहणाऱ्या पोकळीची भरपाई होय. ती खरोखर भरली जाते की नाही, हे पाहण्यासाठी गावात लिहिणारी, वाचणारी आणि हिशेब विचारणारी माणसे हवीत.

परतताना घाटात सूर्य मावळला. खाली वैनगंगेच्या खोऱ्यात दिवे लागले होते आणि आमच्या पुढे काळ्या दगडांनी भरलेला एक ट्रक सावकाश उतरत होता. त्यातील दगड कोठल्या भट्टीत जाईल व कोणत्या पुलात किंवा रुळात बसेल, हे त्याच्या चालकासही ठाऊक नसेल. विद्यार्थिमित्रांनो, उद्या सकाळी शाळेची घंटा वाजेल तेव्हा घाटावरच्या त्या गावाची आठवण ठेवा. तेथील मुलेही त्याच वेळी शाळेत जात असतील. आणि वडिलांच्या खाणीपलीकडचे आयुष्य त्यांनाही त्या घंटेनेच मिळावयाचे आहे.