बाथरूममध्ये चक्क कार्पेट! जुनं घर घेतलंय? मग ते उपटण्याआधी हे वाचा

बाथरूम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टाइल्स, बादली आणि पाणी वाहून जाणारी जाळी येते. पण ब्रिटन-अमेरिकेतल्या अनेक जुन्या घरांत बाथरूमच्या जमिनीवर कार्पेट आणि भिंतींवर वॉलपेपर असतो. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबं असं घर घेतात, तेव्हा पहिला विचार येतो, ‘वीकेंडला हे सगळं काढून टाकू!’ काम सोपं दिसतं. खरा धोका मात्र त्याखालच्या थरांत असू शकतो.

बाथरूममध्ये कार्पेट आलं कुठून?

तिथे अंघोळ टबमध्ये होते, जमीन कोरडीच राहते असं गृहीत धरलं जातं. थंडीत पायाला ऊब मिळावी म्हणून १९६०-८०च्या दशकांत ही फॅशन रुळली. प्रत्यक्षात वाफ आणि टॉयलेटजवळची ओल कार्पेटमध्ये मुरते आणि बुरशी वाढते. ओली झालेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरू शकते, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ‘ईपीए’ सांगते.

खरा धोका कोणता?

- ॲस्बेस्टॉस : कार्पेटखालच्या जुन्या विनाइल टाइल्स, त्या चिकटवणारा काळा डांबरी गोंद आणि छतावरचं खडबडीत प्लास्टर यांत ते असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९मध्ये. टाइल अखंड असेल तर धोका कमी असतो. ती फोडली, घासली की सूक्ष्म तंतू हवेत उडतात. त्यातून होणारा कॅन्सर दिसायला अनेक दशकं लागू शकतात.
- शिसं : अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसंयुक्त रंगावर १९७८मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात वॉलपेपरखाली असा रंग असू शकतो. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी घातक असते.

नुसत्या डोळ्यांनी यातलं काहीच खात्रीने ओळखता येत नाही. त्यामुळे घर जुनं असेल तर आधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. ॲस्बेस्टॉसचा नमुना स्वतः खरवडण्यापेक्षा जाणकाराकडून घेतलेला बरा.

तपासणीत सगळं ठीक निघालं, मग?

१. आधी भिंत, मग जमीन. कार्पेट जाणारच आहे, म्हणून त्यावर प्लॅस्टिक अंथरून आधी वॉलपेपर काढावा. त्या खोलीची वीज बंद ठेवावी.

२. विनाइल वॉलपेपरचा वरचा थर बऱ्याचदा कोरडाच सोलला जातो. खालच्या कागदावर कोमट पाणी मारून १५-२० मिनिटं थांबावं, मग पसरट पात्याने खरवडावं. भिंत जिप्सम बोर्डाची असेल तर पाणी आणि वाफ बेतानेच वापरावी, नाहीतर बोर्डाचा कागदही निघून येतो.

३. भिंतीवरचा जुना गोंद धुऊन काढावा. तो राहिला तर नवा रंग पोपडे धरतो. कोरडं सँडपेपर टाळावं.

४. कार्पेटवर हलकं पाणी शिंपडावं म्हणजे धूळ उडत नाही. कटरने फूट-दीड फुटाच्या पट्ट्या कापून गुंडाळाव्यात. कडेच्या लाकडी पट्ट्यांना उलटे खिळे असतात. त्यामुळे जाड हातमोजे, बूट आणि एन-९५ मास्क हवाच. मात्र हा मास्क ॲस्बेस्टॉससाठी पुरेसा नाही.

५. टॉयलेट आणि टबजवळची लाकडी जमीन स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावी. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय असं समजावं. आधी गळती बंद करावी, कुजलेला भाग बदलावा आणि त्यानंतरच नवी फरशी घालावी.

थांबायचं कधी?

कार्पेट उचलताच जुन्या टाइल्स किंवा काळा गोंद दिसला आणि त्याची तपासणी झालेली नसेल, तर काम तिथेच थांबवावं. झाडू किंवा साधा व्हॅक्यूम फिरवू नये, कारण त्याने तंतू घरभर पसरतात. दार बंद करून तज्ज्ञाला बोलवावं. बुरशीचा पट्टा साधारण १० चौरस फुटांपेक्षा मोठा असेल तरीही हाच नियम.

भारतात याचा काय संबंध?

आपल्याकडे बाथरूममध्ये कार्पेट नसतं, पण ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आजही अनेक छपरांवर आहेत. नूतनीकरणात ते हातोड्याने फोडले जातात, तेव्हा उडणारी धूळ तीच असते. पत्रा ओला करून, न फोडता, अखंड उतरवणं हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. तपासणीत चार दिवस गेले तरी चालतील, फुप्फुसात गेलेला तंतू मात्र बाहेर काढता येत नाही.